सतरा नंबरचा खिळा

शालोमभाऊ,

तुमच्याबद्दल काही लिहा असं आपल्या मराठी पत्रकाच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी यादी केली. जन्म कुठला, मुंबईत नोकरी कुठे, इथे कधी आलात, मागे कोण कोण आहे. पाच मिनिटांत झाली. मग लक्षात आलं की यातलं निम्मं कबरीच्या दगडावर येणार आहे आणि उरलेलं सिनेगॉगमध्ये बोलून झालं आहे. तो कागद बाजूला ठेवला. दुसरी यादी केली, तुम्हाला सांगायच्या राहिलेल्या गोष्टींची. तीत एकच ओळ आली, आणि ती चार वर्षं जुनी आहे.

हे मी हॉलमध्येच बसून लिहिते आहे. दाराजवळचं तेच टेबल, एक पाय आखूड असलेलं. त्याच्याखाली तुम्ही घातलेली पुठ्ठ्याची घडी अजून आहे. आज प्रदर्शनाचा दुसरा दिवस. बेर्शेबात दुपारी एक ते चार माणूस घराबाहेर पडत नाही, त्यामुळे हॉलमध्ये मी, पंखा आणि भिंतीवरचे बेचाळीस फोटो. एवढा वेळ पुरेल.

तुमची माझी ओळख झाली ती मआबरातल्या, नव्याने आलेल्यांच्या तात्पुरत्या छावणीतल्या, रांगेत. पत्र्याच्या झोपड्या, मधून वाळूचे रस्ते, पन्नास घरांना एक नळ, आणि ओळखपत्रासाठी फोटो हवाच म्हणून तुमच्या झोपडीपुढे सत्तर-ऐंशी माणसं. आत तुम्ही एका खांबाला घोंगडी बांधून तिच्यापुढे स्टूल ठेवलं होतं. रांग पुढे सरकेना. मी थोडा वेळ पाहिलं आणि मग घरवार उभं राहायला लावलं, लेकुरवाळ्या बायका आधी, एकटे पुरुष शेवटी. एक म्हातारे गृहस्थ माझ्यावर चिडले. म्हणाले, "तू कोण गो, कलेक्टरीण?" पण रांग चालू लागली.

माझी पाळी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, समोर पाहा. श्वास धरा." बटण दाबलंत. "झालं बाई. संपलं. उठा." मी सुस्कारा सोडून पदर सारखा केला, आणि तुम्ही पुन्हा बटण दाबलंत.

"हा दुसरा कशाला?" मी म्हटलं. "फिल्म फुकट मिळते का?"

"पहिला सरकारचा," तुम्ही म्हणालात. "दुसरा तुमचा."

ही तुमची कामाची पद्धत. मुंबईत स्टुडिओत असल्यापासूनची, असं तुमच्या घरी मिल्कावहिनी सांगतात. "झालं" म्हटल्यावर माणसाचा चेहरा त्याच्याकडे परत येतो, आणि तो यायला लागतात फक्त दोन सेकंद. तुम्ही त्या दोन सेकंदांसाठी थांबायचात. मी तेव्हा त्याला उधळपट्टी म्हटलं होतं. पुढे तसं म्हणणं बंद केलं, पण माझी चूक झाली असं कधी कबूल केलं नाही. तेही आता मांडून ठेवते.

त्या रांगेमुळेच तुम्ही मला फोटो मंडळात ओढलंत. मी म्हटलं, मला कॅमेरा कुठून धरायचा तेही ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, "धरणारे आठ आहेत. वेळेवर येणारा एक नाही. तुम्ही या." खरंच होतं. शाळेत चित्रकला शिकवणारा बर्लिनचा वॉल्टर, ज्याला प्रत्येक फोटोवर तासभर बोलायचं असे. बगदादचा एझ्रा, लग्नांचे फोटो काढणारा, ज्याचं मंडळाच्या दिवशी नेमकं लग्न निघे. मित्स्पे रामोनच्या रस्त्यावर बस चालवणारा तो मोरोक्कोचा ड्रायव्हर, जो प्रवासी आत ठेवून बस थांबवायचा आणि खोऱ्याचे फोटो काढत बसायचा. आणि तुम्ही. आठ जणांच्या पाच भाषा. माझ्या याद्या त्या सगळ्यांना समजत, कारण त्यांत मुख्यतः आकडे असत. तुम्ही मला "लिस्टबाई" म्हणू लागलात. हळूहळू वॉल्टरसुद्धा म्हणू लागला, अर्थ न कळता.

आता त्या फोटोबद्दल. वाचणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहावं लागेल, तुम्ही तेवढं सोसा.

रेवदंड्याच्या सिपोराबाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या होत्या. पहिला झाला. तुम्ही "झालं" म्हणालात, तेव्हा त्या उठून सरळ बाहेर गेल्या, कारण नळाला पाणी आलं होतं आणि त्यांचा डबा रांगेत होता. तुम्ही कॅमेरा घेऊन दारापर्यंत गेलात. दहा मिनिटं उन्हात उभे राहिलात. बाकीचे लोक ओरडत होते. सिपोराबाई भरलेला रॉकेलचा डबा कमरेवर घेऊन परत निघाल्या, वाऱ्याने पदर उडाला, तो त्यांनी मोकळ्या हाताने डाव्या खांद्यावर दाबला आणि तुमच्याकडे वळून हसल्या. तो दुसरा फोटो. मागे झोपड्या, पुढे मोकळी वाळू, आणि बाई उजवीकडे चाललेली.

आपल्या पहिल्या प्रदर्शनाला तुम्ही तो दिलात. मोठा करायचं यंत्र फक्त वॉल्टरकडे होतं, म्हणून निगेटिव्ह त्याच्याकडे दिली. टंचाईचे दिवस, कागद मिळत नव्हता, त्याने स्वतःजवळचा जर्मनीहून आणलेला शेवटचा मोठा कागद तुमच्या फोटोसाठी वापरला. हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम लिहिते आहे.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी तो फ्रेम घेऊन आला. मी टांगण्याची यादी करत होते. नंबर, कोणाचा, कशाचा, आणि तोंड कुठे. तोंड कुठे हे लिहायला तुम्हीच शिकवलं होतं. दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून टांगली की भिंत भांडल्यासारखी दिसते, असं तुम्ही म्हणायचात. तर मी लिहिलं, "१७. शालोमभाऊ. बाई आणि डबा. तोंड डावीकडे." लिहिलं आणि हात थांबला. तोंड डावीकडे कसं? मग पदर पाहिला. उजव्या खांद्यावर.

वॉल्टरने निगेटिव्ह पालटून छापली होती. चुकून नव्हे. त्याने मला तिथेच समजावलंही होतं. इथे लोक उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा डोळा तसाच फिरतो. बाई उजवीकडे निघाली की ती मागे चालली आहे असं वाटतं. आणि आपल्यातली काही घरं मुंबईला परत पाठवा म्हणून धरणं धरून बसली होती, ते गावाला अजून आठवत होतं. "लोक म्हणतील, ही परत चालली," तो म्हणाला. "आता पाहा, ती येते आहे." फोटोला त्याने नावही दिलं होतं, "आगमन".

मी पदराबद्दल बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बेचाळीस नावांची स्टेन्सिल कापून झाली होती, हॉलची चावी फक्त तीन दिवसांसाठी होती, कागद दुसरा नव्हता. मी मनात हिशेब केला की हे कोणाच्या लक्षात येणार आहे, आणि गप्प बसले.

उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही सकाळी सातला आलात, खिळे ठोकायला. माझी यादी हातात घेऊन एक एक फोटो टांगत गेलात. सोळापर्यंत गेलात. सतराव्याचं गुंडाळलेलं कापड काढलंत, खिळ्यावर लावलात, दोन पावलं मागे आलात. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला होते. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. मग हातातली यादी पाहिलीत. मग फोटो उतरवलात, काखेत धरलात आणि चालू लागलात.

मी बाजारापर्यंत तुमच्या मागे धावले. गुरुवार होता, बेदुईनांच्या मेंढ्या रस्त्यात होत्या, आणि तुम्ही त्यांच्यामधून फ्रेम डोक्यावर धरून चालला होतात.

"शालोमभाऊ, चारला महापौर येणार आहेत. माझ्या भिंतीवर भोक राहील."

"भोक चालेल. ही बाई चालणार नाही."

"फोटो तोच आहे. एक बाजू इकडची तिकडे झाली."

"सिपोराबाई आल्या आणि त्यांनी स्वतःला पाहिलं तर?"

"त्या कशाला येतील? त्यांना आमंत्रणसुद्धा नाही."

तुम्ही थांबलात. मेंढ्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. "ती येत नाही आणि जातही नाही," तुम्ही म्हणालात. "ती नळावरून घरी चालली आहे. पाणी घेऊन. मी तिथे उभा होतो." मग अगदी साध्या आवाजात, "लिस्टबाई, तुम्ही हा आधी पाहिला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि गेलात.

ते खोटं होतं. एका शब्दाचं, मेंढ्यांच्या गर्दीत बोललेलं. माझ्या दुसऱ्या यादीतली ती एकच ओळ हीच.

तुम्ही मंडळ सोडून जाल असं मला वाटलं होतं. तुम्ही पुढच्याच आठवड्यात आलात, खिळ्यांचा डबा घेऊन. वॉल्टरशी बोललात, त्याच्या वाळूच्या टेकड्यांचं कौतुक केलंत. ओफाकिम वसायला लागलं तेव्हा मंडळाला ट्रकने तिथे नेलंत, नव्या घरांपुढे कुटुंबं उभी करून सबंध दिवस फोटो काढलेत, प्रत्येकाचे दोन दोन. पण त्यानंतरच्या तीन प्रदर्शनांना तुम्ही एकही फोटो दिला नाहीत. दर वर्षी मी यादीत लिहायची, "१७. शालोमभाऊ. येणार." दर वर्षी तुम्ही पेन्सिलने पुढे "नाही" लिहून कागद परत करायचात. सगळ्यांचे खिळे ठोकायचात आणि सोळानंतर एक सोडून अठराला जायचात. त्या रिकाम्या जागेची पाहुण्यांनाही सवय झाली. एका वर्षी कोणीतरी स्वतःच खिळा मारून तिथे टोपी टांगली.

आणि आपला दुसरा वाद, नावांचा. माझं म्हणणं, प्रत्येक चेहऱ्याखाली कार्ड हवं. नाव, मूळ गाव, इथला पत्ता. दहा वर्षांनी कोणाला कळणार, कोण होतं ते. तुमचं म्हणणं, कार्ड लावलं की लोक कार्ड वाचतात आणि पुढे जातात. "मग नाव हरवू द्यायचं?" मी विचारायची. तुम्ही चहात साखर ढवळत राहायचात. तुम्ही नावं कुठेच लिहून ठेवत नाही, असा माझा ठाम समज होता आणि मी तो चारचौघांत बोलून दाखवत असे. "शालोमभाऊंचे फोटो म्हणजे निनावी पोस्ट," असं एकदा म्हटलं होतं. तुम्ही हसला होतात.

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी तुम्ही गेलात. आपल्या फोटोच्या दुकानात, स्टुलावर बसून. पुढचं गिऱ्हाईक दारात वाट पाहत होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सात दिवस मी मिल्कावहिनींकडे जात होते. किती माणसं, कोणाकडून जेवण, प्रार्थनेला दहा पुरुष भरतात की नाही, हे पाहायला कोणीतरी हवं होतं. घरात रीतीप्रमाणे आरशांवर चादरी होत्या आणि भिंतींवरचे सगळे फोटो उलटे फिरवलेले. तुमच्या घरात भिंत थोडी आणि फोटो फार. त्या खोलीत बसलं की चहूकडून पुठ्ठ्यांच्या पाठी दिसत.

तिसऱ्या दिवशी वॉल्टर आला. तो रोज येत होता, दाराशी बसून टोपी हातात फिरवत असे. त्या दिवशी तो मला अंगणात हिब्रूत म्हणाला, "गेवेरेत हन्ना, यंदा एक भिंत शालोमची. मधोमध 'आगमन'. मोठा तर त्याने नेला, पण माझ्याकडे त्याची लहान छपाई आहे. त्याच्यावरून पुन्हा मोठा करतो. त्याचं सर्वांत चांगलं काम तेच."

मी "बघू" म्हटलं आणि आत येऊन खाली बसले. या वेळी तो फोटो टांगला गेला असता, तुमच्या नावाने, चुकीच्या बाजूने, चुकीच्या नावाखाली, आणि काखेत मारून घेऊन जायला कोणी येणार नव्हतं.

तशी बसले असता समोरच्या पुठ्ठ्यावर नजर गेली. त्यावर पेन्सिलने काही लिहिलं होतं. उठून जवळ गेले. "याकोब आणि बायको लेआ. गाव पेण. आता शिक्कून ब, जिन्याखाली." शेजारच्यावर, "मिर्याम आजी. थळ. नातवाला घेऊन बसली आहे तो नातू तिचा नाही, शेजारच्या मोरोक्कन बाईचा." त्याच्या शेजारी, "एलीयाहू सुतार. हा हसत नाही. दात नाहीत म्हणून." मी एका भिंतीवरून दुसरीकडे गेले. सगळ्यांवर होतं. नाव, गाव, पत्ता, तुमच्या बारीक अक्षरात. एकही निनावी नव्हता. घरातल्यांनी ते फोटो भिंतीकडे फिरवेपर्यंत कोणाला ते दिसलं नसतं, आणि त्यासाठी तुम्हाला मरावं लागलं. इतका हट्टीपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

पलंगावरच्या भिंतीला सर्वांत मोठी फ्रेम होती. तिच्याकडे मी वळले तशा सुतकात जमिनीवर बसलेल्या मिल्कावहिनी म्हणाल्या, "ती मी नाही फिरवली. ती आधीपासूनच तशी आहे."

"आधीपासून म्हणजे?"

"चार वर्षं झाली. तोंड भिंतीकडे करूनच टांगली यांनी. मी म्हटलं, हे काय, घरात कोण मेलंय? तर म्हणाले, राहू दे, वळायची आहे तिला."

त्या पुठ्ठ्यावर नाव नव्हतं. एक कागद चिकटवलेला होता. माझं अक्षर. माझ्या टांगण्याच्या यादीतला फाडलेला तुकडा. "१७. शालोमभाऊ. बाई आणि डबा. तोंड डावीकडे." त्याच्याखाली तुमची पेन्सिल, "निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात. लिस्टबाईंनी मागितली तर द्यायची."

म्हणजे मेंढ्यांमध्ये उभे राहून तुम्ही मला विचारलंत, तेव्हा माझं उत्तर तुमच्या खिशात होतं. मी तोंड डावीकडे असं लिहिलं होतं. फोटो पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही. माझ्याच यादीने मला पकडलं होतं आणि तुम्ही "बरं" म्हणून गेलात. नंतर चार वर्षं दर आठवड्याला माझ्या हातचा चहा प्यायलात.

मला राग आला, हे खरं सांगते. आधी तुमचा, की एकदा तरी तोंडावर बोलायचं होतं. मग माझा. मग राग करत बसायला वेळ नाही हे लक्षात आलं. प्रदर्शनाला दोन आठवडे होते.

सातव्या दिवशी सकाळची प्रार्थना झाली, मिल्कावहिनी जमिनीवरून उठल्या, चादरी निघाल्या, फोटो एकेक करून सरळ झाले. मी थांबून राहिले. सगळे गेल्यावर म्हटलं, "वहिनी, मला सिपोराबाईंची निगेटिव्ह हवी आहे. आणि आधी एक सांगायचं आहे. तेव्हा मी शालोमभाऊंशी खोटं बोलले होते. मी पाहिला होता तो फोटो."

त्या खुर्ची ओढून चढल्या, कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला, माझ्या हातात दिला. "चार वर्षं लावलीत मागायला," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, हन्नाबाईंची यादी उशिरा पुरी होते, पण होते."

डबा घेऊन मी थेट वॉल्टरच्या घरी गेले.

वॉल्टर वाईट माणूस नाही, हे तुम्हीही म्हणायचात. पण तो ऐकेना. "हन्ना, पदर हा बारकावा आहे. दिशा हा अर्थ आहे. आणि तो खांदा कोणता, हे या गावात किती जणांना कळतं?" मी म्हटलं, मोजून आणते. तो म्हणाला, मोज. मी दुसऱ्या दिवशी एकीलाच नेलं.

सिपोराबाई आता शिक्कूनमध्ये, सरकारने बांधलेल्या इमारतींत, राहतात, दुसऱ्या मजल्यावर, घरात नळ. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत त्या वॉल्टरचा जिना चढल्या. त्याने आदराने खुर्ची दिली आणि ती लहान छपाई पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"ही कोण गो?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच, मावशी."

"मी? अगो, हिचा पदर बघ. गुजरातणीचा. डबा माझा आहे, हसतेय पण माझ्यासारखी. पण ही मी नव्हे. माझी आई बघेल तर म्हणेल, सिपोरा कोणाच्या घरात गेली?"

वॉल्टरला मराठी येत नाही. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सिपोराबाई उठल्या. "याला मी सांगते," म्हणाल्या. त्याच्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर सोडला, उजव्या खांद्यावर घेतला आणि तशाच चार पावलं चालल्या, अवघडलेल्या, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारख्या. मग थांबल्या, पदर डाव्या खांद्यावर टाकला, कमरेवर हात ठेवला, जणू डबा तिथे आहे, आणि चालल्या. गुडघा विसरून. दाराशी जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "आता मी." 

वॉल्टरने ती छपाई उचलून पालथी ठेवली. मग हिब्रूत म्हणाला, "मला वाटत होतं मी त्याला मदत करतो आहे."

"तुम्ही कागद दिला होतात," मी म्हटलं. "ती मदत होती. तिथेच थांबायचं होतं. आणि मी बोलायचं होतं."

"ती परत चालली आहे असं लोकांना वाटेल."

"मग विचारतील. मी टेबलाशी बसलेली असते."

त्याच दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून त्याने फोटो छापला. मी शेजारी उभी राहिले, यादी घेऊन. त्याला विचारून मी तीत लिहून घेतलं होतं, निगेटिव्हची मंद बाजू खाली, चकाकती वर. तीनदा तपासून घेतलं. तो वैतागला, पण हसला. तांबड्या दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात, आधी झोपड्या आल्या, मग डबा, मग डावा खांदा आणि त्यावर हात.

काल सकाळी सातला मी हॉल उघडला. खिळे ठोकायला एझ्रा आला होता, या वेळी लग्न नव्हतं. सतरावा खिळा मी त्याला ठोकू दिला नाही. हातोडी घेतली, पहिला घाव अंगठ्यावर बसला, दुसरा बरोबर. फोटो टांगला. कार्ड लावलं नाही. नावं सगळी माझ्या यादीत आहेत, तुमच्या पुठ्ठ्यांवरून शब्द न बदलता उतरवलेली, दात नाहीत हेसुद्धा. ज्याला कोण ते हवं, त्याने आधी चेहरा पाहावा आणि मग टेबलापाशी यावं. या वादात मी इतकीच मागे सरते, याहून जास्त नाही.

मग एझ्राला चहा आणायला पाठवलं आणि दाराशी उभी राहिले. तुम्ही आत येता त्या जागेपासून दोन पावलं सोडून. वेडेपणा होता, पण करायचा ठरवला होता. तुम्ही येऊन, मागे सरून, पाहून, फोटो काखेत घेऊन जाता का, ते बघायचं होतं. साडेसात झाले. आठ झाले. बाहेर भाजीची गाडी गेली. एझ्रा चहा घेऊन आला, म्हणाला, "कोणाची वाट पाहतेस?" मी म्हटलं, "कोणाची नाही," आणि मग लगेच, "शालोमची," असं दुरुस्त केलं. आता या बाबतीत खोटं बोलायचं नाही असं ठरलं आहे.

तुम्ही काढून नेला नाहीत. नऊ वाजता मी टेबलाशी बसले, यादी सरळ केली आणि सतराच्या पुढे खूण केली.

१७. शालोमभाऊ. सिपोराबाई, रेवदंडा, नळावरून घरी जाताना. तोंड उजवीकडे. आला.